फोटू उतरव

"आजोबा, तुमचा हाराचा फोटो काढू का मी?"

हा प्रश्न माझा नव्हता. त्रिवेणी आणि रेणू या माझ्या दोन मैत्रिणींनी शाळेच्या व्हॅनमध्ये बसून तो तयार केला होता. विचारायची हिंमत झाली नाही तर आठवडाभर दोघींचे डबे मी धुवायचे, अशी पैज. हाराचा फोटो म्हणजे माणूस गेल्यावर भिंतीवर लावतात तो. आणि विचारायचं होतं त्रिवेणीच्या आज्जाला, म्हणजे एकनाथरावांना. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, हैदराबादच्या मलकपेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्यासमोर त्रिवेणीचे बाबासुद्धा मोबाईल खिशात घालतात.

मी विचारलं. दोघी दाराआड होत्या, त्यांनी श्वास रोखलेला मला इकडे कळला.

एकनाथरावांनी पेपरची घडी करून मांडीवर ठेवली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ते रेसकोर्सवर नोकरीला होते, शर्यतीच्या आधी आणि नंतर जॉकींचं वजन करायला, एकतीस वर्षं. अजूनही समोर आलेल्या माणसाचं ते आधी वजन करतात, मग नाव विचारतात.

"सत्तेचाळीस किलो," ते म्हणाले. "त्यात जीभच दीड किलो असंल."

दाराआड रेणू फिसकन हसली.

"कधी येतीस?" एकनाथरावांनी विचारलं.

"म्हणजे... चालेल तुम्हाला?"

"न चालायला काय झालं? आमच्यात माणूस गेला की धावाधाव. कुणाच्या तरी लग्नातला फोटू धुंडतेत, त्यातनं मुंडकं कापतेत. आमच्या थोरल्या भावाच्या फोटोत शेजारच्याचा कान आलाय. पंचवीस वर्षं झाले, आम्ही त्या कानाला पण हार घालायलोत. माझं तसं नक्को. शनवारी ये."

इथे मी नमस्कार करून निघायला हवं होतं. पण गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'प्रेझेंट' म्हणाले तरी मॅडमना दुसऱ्यांदा विचारावं लागायचं, आणि या वर्षी माझे सहा फोटो शाळेच्या बोर्डावर लागलेत, त्यामुळे आता माझं तोंड एकदा सुरू झालं की मलाच थांबवता येत नाही.

"आजोबा, मागचं सगळं पुसून टाकते मी. भिंत, कॅलेंडर, काहीच दिसणार नाही. फक्त तुम्ही."

"पुसून?" ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की माझं वजन त्यांनी मनातल्या मनात एक किलोनं कमी केलं असावं.

खाली उतरताना मला कळलं की मी काय बोलून बसलेय. माझ्याकडे बाबांचा जुना कॅमेरा आहे आणि त्याच्याबरोबर फुकट आलेला लेन्स. त्या लेन्सला काहीच पुसता येत नाही. माणूस काढला की त्याच्यामागचं स्विचबोर्ड, वायर, वाळत घातलेला टॉवेल, सगळं तितक्याच हौसेनं दाखवतो. मागचं मऊ, धुरकट करायचं तर वेगळा लेन्स लागतो, ज्याचं भोक मोठं उघडतं असा. असे दोन माझ्या यादीत होते: एक पन्नास मिलिमीटरचा आणि एक पंच्याऐंशीचा. पंच्याऐंशी लांबचं जवळ ओढतो आणि मागचं अगदी लोण्यासारखं करून टाकतो. पन्नास साधा. इंटरनेटवर ज्यांचे फोटो बघून मला जेवण सुचत नाही ते सगळे पंच्याऐंशीवाले.

आणि दोन्हींपैकी एकच मिळणार होता. पुढच्या बुधवारी मला सोळावं लागणार होतं, त्याची भेट म्हणून.

इथे माझे बाबा, हेमंत, यांची ओळख करून द्यायला हवी. बाबा मूळ पुण्याचे, हायटेक सिटीत नोकरी, आणि कुकर घ्यायचा तरी तीन आठवडे तुलना करणारे. लेन्ससाठी त्यांनी एक्सेलची शीट केली होती. अकरा कॉलम. रोज रात्री जेवताना एखादा कॉलम वाढायचा.

"पंच्याऐंशीचं पारडं जड होतंय," ते पोळी मोडत म्हणायचे. "चाळीस रिव्ह्यू बघितले मी. पोर्ट्रेट म्हटलं की पंच्याऐंशी. एकमत आहे लोकांचं."

"रसिका, लेन्स आहे तो, नवरा नाही," आई म्हणायची. आईचं नाव मेधा आणि ती फार कमी बोलते पण जे बोलते ते जेवणाच्या मधोमध आणून ठेवते. "आणि नवरा बघायला तरी एवढे कॉलम कुठे लागले होते?"

"तेव्हा एक्सेल एवढं चांगलं नव्हतं," बाबा म्हणाले.

मला हसू येत होतं पण बसवत नव्हतं. शनिवार ठरल्यापासून मी एका जागी बसलेच नव्हते. बायोलॉजीच्या वहीच्या मागच्या पानावर मी लेन्सची भोकं काढत होते. रस्त्यावर कुणीही दिसलं की एक डोळा मिटून बघायचे, याच्या मागचं काय काय पुसावं लागेल. बरकतपुऱ्याच्या आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला मला म्हणाला, "क्या हुआ बेबी, आँख में कचरा गया क्या?" मी म्हणाले, हौ.

शनिवारी सकाळी मी दिलसुखनगरला रेणूच्या भावाकडे गेले. हर्षवर्धन लग्नाचे फोटो काढतो, त्याचं दुकान दोन कोचिंग क्लासच्या मध्ये दबून बसलेलं आहे. रेणूनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की एक दिवस लेन्स पाहिजे.

"खोली किती मोठी हाय?" त्यानं विचारलं.

"नॉर्मल."

"नॉर्मल म्हंजे? पावलं टाकून मोजली?"

"खोली आहे खोलीएवढी. मला पंच्याऐंशी दे ना."

"पन्नास घेऊन जा, ऐक माझं."

"पन्नास तर सगळ्यांकडे असतो."

"सगळ्यांकडं दोन पायबी असतेत," हर्षवर्धन म्हणाला, पण त्यानं पंच्याऐंशी काढून दिला. जड, थंड, पुढे एवढी मोठी काच. "शाम को सात बजेतक आणून दे. रात्री रिसेप्शन हाय माझं. आणि काचेला बोट लावलीस तर रेणूला सांगून शाळेत इज्जत काढीन."

अकरा वाजता आम्ही तिघी एकनाथरावांच्या खोलीत होतो. ते तयार होऊन बसले होते. निवृत्तीच्या दिवशी घातलेला काळा कोट घातला होता, त्याच्या खिशावर रेसकोर्सचा पितळी बिल्ला, राखेनं घासून चकचकीत केलेला. खुर्ची भिंतीला टेकवलेली. एका बाजूला पलंग, समोर लोखंडी कपाट. आणि खुर्चीच्या बरोबर वर, भिंतीवर, त्यांच्या बायकोचा, चतुराबाईंचा फोटो. त्याला प्लास्टिकच्या झेंडूचा हार.

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मला एकनाथरावांचं कपाळ, नाक आणि हनुवटी दिसली. बाकी काही नाही.

मागे सरकले. कपाटाची मूठ पाठीत घुसली. कॅमेरा उभा धरला. आता गळ्यापर्यंत आले. कोट नाही, बिल्ला नाही. मी पलंगावर चढले, तिथून ते तिरके दिसायला लागले, कुणीतरी लपून टिपल्यासारखे. दाराबाहेर गेले तर दारातून फक्त कपाट दिसत होतं.

"खिडकीतून लटक बाहेर," रेणू मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली. "तेवढं अंतर मिळेल."

"तू गप गं."

आणि मागचं? मागची भिंत मऊ झाली होती, खोटं कशाला सांगू. पण खुर्ची भिंतीला टेकलेली, त्यामुळे पूर्ण जात नव्हती. आणि त्या हाराचं खालचं टोक नेमकं फोटोत येत होतं. एकनाथरावांच्या डोक्यावर एक भगवा ढग बसल्यासारखा. मी वर केलं, खाली केलं, ढग तिथेच. माझ्या कानामागून घाम ओघळत होता, जानेवारीत. पुसून टाकते म्हणाले होते मी. सगळं पुसून टाकते.

त्रिवेणी चहा आणायला आत गेली. एकनाथरावांनी मान दोन्हीकडे मोडली.

"बसून बसून माझंच वजन उतरायलंय," ते म्हणाले. "फोटू उतरव की आता."

मला इतकं हलकं वाटलं. म्हणजे त्यांनाही कळलं होतं की त्या फोटोचीच अडचण होतेय. स्वतःहून म्हणाले. मी चपळाईनं पलंगाच्या कडेवर पाय दिला, हात लांब केले आणि चतुराबाईंचा फोटो खिळ्यावरून उचलून खाली घेतला.

फ्रेम हातात आली तशी मागचा पुठ्ठा सुटला. त्याचे बारीक खिळे गंजून गेलेले होते. आणि आतून फोटोचा दुमडलेला अर्धा भाग दाराच्या फळीसारखा बाहेर उघडला. त्यात एक माणूस होता. झुपकेदार मिशा, लग्नात घालतात तसा फेटा, आणि त्याचा एक हात दुमडीवरून पुढच्या बाजूला गेलेला. मी फ्रेम उलटी केली. पुढून चतुराबाईंच्या खांद्यावर चार बोटं दिसत होती. इतका वेळ मला ती पदरावरची नक्षी वाटली होती.

मी वर बघितलं. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, नाक तेच होतं.

"कुणी सांगितलं तुला?" एकनाथराव हळू बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हीच... फोटो उतरव म्हणालात."

"मग गळ्यात ते काय लटकवलीस? कशानं उतरवतेत फोटू?"

रेणूनं मोबाईल खाली ठेवला.

"अकरा वर्षात तिला खाली घेतली नव्हती कुणी," ते म्हणाले. "घराला रंग दिला तर भोवतीनं दिला. लाव तिथं."

मी पुठ्ठा दाबून बसवला. खिळा सापडायला दोन-तीन वेळा फ्रेम भिंतीवर घासली. त्रिवेणी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"झाला फोटू," एकनाथराव म्हणाले आणि कोटाची बटणं काढायला लागले. "जावा आता."

जिन्यात त्रिवेणी माझ्या पुढे पुढे उतरत होती.

"उतरव कळत नाही तुला?" ती वळून म्हणाली. "आमच्यात फोटू उतरवतेत. सगळे उतरवतेत. हैदराबादेत जन्मलीस ना तू?"

"आमच्या घरी उतरव म्हणजे खाली घे. फोटो काढतात आमच्या घरी."

"काढतात. आणि भिंतीवरचा फोटो काढ म्हणलं तर?"

मी एका पायरीवर थांबले. भिंतीवरचा फोटो काढ म्हणजेही तेच. आमच्या शब्दानंसुद्धा मी तिला खाली घेतलंच असतं.

"आज्जा आता जेवणार नाही," त्रिवेणी म्हणाली. "मला ठाऊक हाय त्याचं."

पंच्याऐंशी मी सातच्या आत परत केला. हर्षवर्धननं काच उजेडात धरून बघितली, माझा चेहरा बघितला आणि काही विचारलं नाही, हे त्याचे उपकार. घरी आले तर बाबा दारातच.

"काय मग? कसा वाटला पंच्याऐंशी?"

मला सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं, कपाटाची मूठ, भगवा ढग, ती चार बोटं. एवढ्या मोठ्या तोंडानं पुसून टाकते म्हणणारी मुलगी एक फोटो न काढता परत आली, हे सांगावं लागलं असतं.

"मस्त," मी म्हणाले आणि आत गेले.

रविवारी उठले तीच चालत. म्हणजे खरंच, दात घासत घासत मी गॅलरीतून हॉलमध्ये आणि हॉलमधून गॅलरीत फेऱ्या मारत होते आणि पावलं मोजत होते. आमचा हॉल बारा पावलं. आईबाबांची खोली नऊ. माझी खोली, पलंग सोडला तर, पाच. एकनाथरावांच्या खोलीत कपाटापासून भिंतीपर्यंत सात होती, हे मी काल पाठीनं मोजलं होतं. मग माझ्या डोक्यात आलं की खुर्ची भिंतीला टेकलेली असायला हवी असा काही नियम नाही. खुर्ची तीन पावलं पुढे ओढली तर भिंत मागे जाईल आणि आपोआप मऊ होईल. पण मग माझ्या वाट्याला चारच पावलं. चार पावलांत पंच्याऐंशी म्हणजे नुसतं नाक.

दहा वाजता मी पुन्हा दिलसुखनगरात.

"मोजली?" हर्षवर्धननं विचारलं.

"मोजली. पन्नास दे."

त्यानं दिला. इतका छोटा की मला वाटलं मुठीत झाकून नेता येईल.

"तो पण परत यायचाय," तो म्हणाला. "एवढुसा हाय म्हणून दप्तरात विसरू नको."

त्रिवेणीनं दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा कालचाच होता. "दाढी केली नाही त्यानं. बोलेल का माहीत नाही."

एकनाथराव बनियनवर बसले होते. मी खोलीत गेले आणि मला कळेना हात कुठे ठेवायचे. कॅमेरा पाठीमागे धरला.

"आजोबा, काल मी चुकले. आमच्या घरी उतरव म्हणजे खाली घे. मला वाटलं तुम्ही आजींचा फोटो खाली घे म्हणताय."

त्यांनी हनुवटीवरचे खुंट चोळले.

"पुण्याचे का तुम्ही?"

"आईबाबा पुण्याचे. मी इथलीच."

"पुण्याचे लोक फोटू काढतेत," ते स्वतःशीच म्हणाले. "दात काढतेत, कर्ज काढतेत, फोटू काढतेत." मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते ते. त्रिवेणीनं दाराला धरलं. "आणि आम्ही उतरवतोत. ताप उतरवतोत, नजर उतरवतोत. तुझी काय चूक गं पोरी."

मग त्यांनी स्वतःच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. तो फोटो उदगीरला पुतण्याच्या लग्नातला. चतुराबाई गेल्या तेव्हा तेवढा एकच चांगला निघाला, दोघांचा. काचीगुड्याला फ्रेम करायला नेला.

"फ्रेमवाला म्हणला, जित्या माणसाला हारात बसवत नसतेत, अपशकुन हाय. कातर लावतो म्हणला. मी म्हणलो कातर नक्को, दुमड. हात तेवढा राहिला. हात दुमडला असता तर तिचा खांदा गेला असता."

खालून भाजीवाल्याचा भोंगा जात होता, टमाटे, टमाटे.

"तर मला आता एकट्याचा नक्को," एकनाथराव म्हणाले. "मी पुढं बसतो. ती मागं राहू दे. पुसू नको तिला. पण लई ठळक पण नक्को, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा बायकोला घेऊन मिरवायलाय. जमतं का?"

"जमतं," मी म्हणाले, आणि या वेळी मला खरंच माहीत होतं की जमतं.

ते दाढी करायला गेले. आम्ही दोघींनी खुर्ची ओढली, मी पावलं टाकून जागा ठरवली, जरा डावीकडे, म्हणजे चतुराबाई त्यांच्या उजव्या खांद्यावरून दिसतील. ते काळा कोट घालून आले आणि बसले. मी कपाटाला पाठ लावली. मुठीची जागा आता मला पाठ होती.

डोळा लावला. एकनाथराव पूर्ण आले. कोट, बिल्ला, हात गुडघ्यावर ठेवायला सुरुवात होते तिथपर्यंत.

आधी लेन्स पूर्ण उघडला. मागे नुसता एक भगवा आणि तपकिरी डाग, कुणी आहे हे सांगावं लागलं असतं. मग भोक अगदी बारीक केलं, तशा चतुराबाई टच्चकन पुढे आल्या, नाकातल्या खड्यासकट, आणि एकनाथराव मागे पडले. मग मी एक एक आकडा फिरवत गेले. थोडं उघडायचं, थोडं मिटायचं. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याची स्क्रीन त्यांना नेऊन दाखवायची. ते चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, "अजून," किंवा "कमी कर." काटा मधोमध येईपर्यंत त्यांनी मला असं अकरा वेळा कपाटापासून खुर्चीपर्यंत चालवलं.

बाराव्या वेळी ते स्क्रीन जवळ धरून बसले. पुढे ते होते, मिशीचा केस न् केस. मागे एक बाई होती. डोळे दिसत नव्हते, नाक दिसत नव्हतं, पण पदर डोक्यावरून घेतलेला आणि मान जरा एका बाजूला, हे दिसत होतं.

"ओळखू येती," ते म्हणाले. "हाच. मी गेलो की हाच लावा, त्रिवेणी. कुणाला दुमडायचं काम नाही."

"आज्जा, असं नको ना बोलू."

"कायकू नक्को? हाराचा फोटू हाय तो, शाळेत लावणारेस का?" मग माझ्याकडे वळून, "अठ्ठेचाळीस. एक वाढलं."

मी मलकपेठहून बरकतपुऱ्याला चालत आले. कितीतरी अंतर आहे, पण बसमध्ये मला उभं राहवलं नसतं. सगळ्या वाटेनं मी बोलत होते, मनातल्या मनात आणि चादरघाटच्या पुलावर तर मोठ्यानं. मी बाबांना सांगत होते की शीटमध्ये एक कॉलम राहिलाय. खोलीत किती पावलं आहेत, हा.

घरात शिरले तर बाबा सोफ्यावर, लॅपटॉप मांडीवर, आणि त्यांचा चेहरा कुणीतरी लाईट लावल्यासारखा. आई शेंगा सोलत होती.

"बस," बाबा म्हणाले.

"उभीच बरी आहे मी. बाबा, मला सांगायचंय..."

"आधी माझं." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. हिरव्या पट्टीत लिहिलं होतं, ऑर्डर कन्फर्म्ड. खाली पंच्याऐंशीचा फोटो. "मंगळवारी येतोय. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. काल तू मस्त म्हणालीस ना, तेव्हाच ठरवलं, आता अजून कॉलम नकोत."

त्यांनी त्या शीटवर 'क्लोज्ड' असं लिहून ती बंदसुद्धा केली होती. माझ्या बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी तुलना अर्ध्यात सोडली होती, आणि ती माझ्या एका शब्दावर.

माझा डावा पाय उजव्या पायावर चढला, उतरला. मी सहज थँक्यू म्हणू शकत होते. पंच्याऐंशी वाईट नाही. मैदानात, बागेत, लुंबिनी पार्कात वगैरे तो झकासच असेल. आणि बाबांचा तो चेहरा. पण मग पुढच्या वेळी कुणाच्या तरी दहा फुटी खोलीत मी पुन्हा कपाटाला चिकटून उभी असणार आणि समोर एक नाक.

"काल मी खोटं बोलले," मी म्हणाले.

आईचा हात शेंगांवर थांबला.

"पंच्याऐंशी मस्त नव्हता. म्हणजे लेन्स मस्त आहे, पण मला त्यानं एकही फोटो घेता आला नाही. खोलीत मागे सरकायला जागाच नव्हती. आणि मी तिथे अजून एक घोळ घातला, तो नंतर सांगते, तो मोठा आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा लाज वाटली म्हणून मस्त म्हणाले."

"अगं पण मग गच्चीवर काढ ना फोटो," बाबा म्हणाले. "बाहेर काढ. जागाच जागा. रिव्ह्यूवाले सगळे बाहेरच काढतात."

"ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, बाबा. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मला ज्यांचे फोटो काढायचेत ते सगळे घरातच बसलेले असतात."

"सगळे म्हणजे कोण?" आईनं विचारलं.

"माहीत नाही अजून. म्हातारे लोक. एकनाथरावांनी खालच्या मजल्यावरच्या काकूंना आत्ताच सांगितलंय म्हणे. त्यांनाही पाहिजे."

"कसला?"

"हाराचा."

आईनं तोंडावर हात ठेवला. हसतेय की दचकलीय ते मला कळलं नाही. मी कॅमेरा चालू करून तिच्या हातात दिला. तिनं तो जवळ धरून बघितला, मग बाबांकडे सरकवला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मागे कोण आहे?" ते म्हणाले.

"त्यांची बायको."

"पन्नासनं काढलास हा?"

"हो."

"पण रसिका, पंच्याऐंशीनं हे मागचं किती सुंदर गेलं असतं, कळतंय का तुला? पूर्ण गेलं असतं."

"हो, बाबा. पूर्ण गेलं असतं."

ते पुन्हा फोटोकडे बघायला लागले. ऑर्डर अजून स्क्रीनवर होती, हिरवी पट्टी, मंगळवार. मी सरळ उभी राहिले, दोन्ही पाय जमिनीवर.

"तो परत पाठवा," मी म्हणाले. "मी पन्नासच घेणार आहे."